गाडी पूर्ण आली काय?

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून उतारूंची पहिली गाडी ठाण्याकडे निघाली, हे आमच्या ठाण्यातील शाळकरी मुलांनासुद्धा तोंडपाठ असते. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, २१ तोफांची सलामी आणि २१ मैलांचा प्रवास, हा तपशीलही पुष्कळांना ठाऊक असतो. परंतु ती गाडी ठाण्यास पोचावयास वेळ किती लागला, असे विचारले की उत्तरे दोन मिळतात. काही पुस्तकांत ५७ मिनिटे दिली आहेत, काहींत सव्वा तास. एवढ्या थाटामाटाने निघालेली गाडी, तिला पाहावयास लोटलेली एवढी गर्दी, आणि तिच्या पहिल्याच प्रवासाच्या वेळेविषयी पुस्तकांचे एकमत नाही!

यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. पाहणे वेगळे आणि नोंदणे वेगळे. देवळाची उंची मोजावयाची झाली तर देऊळ आपल्यासाठी थांबून राहते. आज चुकले तर उद्या पुन्हा मोजता येते. धावत्या गाडीचे तसे नाही. ती कोठे होती आणि केव्हा होती, या दोन गोष्टी एकाच क्षणी पकडाव्या लागतात. तो क्षण हुकला की गाडी पुढे गेलेली असते आणि मागे उरतात त्या आठवणी.

आज आपल्यापुढे मांडावयाचा विषय हाच आहे. धावत्या गाडीची वाट, तिची जागा आणि तिचा वेग यांची साक्ष माणसाने प्रकाशाकडून कशी काढली, आणि ती लिहून ठेवण्याची रीत आमच्या ठाणे-कल्याणच्या मार्गावर कशी वाढत गेली, याचा थोडा इतिहास आपण पाहू. विषय यंत्रांचा आहे, पण त्याच्या शेवटी माणूस उभा आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

प्रकाशच का, हा पहिला प्रश्न. धावत्या वस्तूची खबर आणावयाची तर जासूद त्या वस्तूहून पुष्कळ वेगवान हवा. घोडेस्वाराने आगगाडीची बातमी आणावी म्हटले तर त्याच्या आधी गाडीच येऊन पोचेल. प्रकाशाएवढा वेगवान जासूद दुसरा नाही. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गॅलिलिओने दोन माणसांनी दूर दूर उभे राहून कंदील झाकावयाचे आणि उघडावयाचे, असा प्रयोग सुचविला होता. त्यातून प्रकाशाचा वेग हाती लागला नाही; माणसाचा हात त्या मानाने फारच मंद. १६७६ साली रोमरने गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून प्रकाशालाही वेळ लागतो, हे दाखविले. पृथ्वीवरच्या पृथ्वीवर हा वेग मोजण्याचा मान फ्रान्सच्या फिझोला मिळाला. १८४९ साली त्याने एका वेगाने फिरणाऱ्या दातेरी चाकातून प्रकाशाचा किरण सोडला, आठ किलोमीटरांवरील आरशावरून तो परत आणला, आणि खऱ्या आकड्याच्या बरेच जवळ जाणारे उत्तर काढले. तो किरण पॅरिसजवळ गेला आणि परतला; त्यानंतर चारच वर्षांनी आमच्याकडे आगगाडी धावली. या दोन घटनांचा त्या काळी कोणी संबंध जोडला नसता. आज मात्र त्या दोन्ही एकाच मार्गावर येऊन भेटल्या आहेत.

परंतु आमच्या रुळांवर प्रकाश प्रथम आला तो मोजणारा म्हणून नव्हे, सांगणारा म्हणून. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग ठाण्याची खाडी ओलांडून, पारसिकच्या डोंगरातून वाट काढीत कल्याणास पोचला. कल्याणापासून त्याला दोन फाटे फुटले. एक १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत गेला आणि पुढे १८६३ मध्ये बोरघाट चढला. दुसरा १८६१ मध्ये कसाऱ्यास आणि १८६५ मध्ये थळघाट चढून इगतपुरीस गेला. म्हणजे दख्खनची आणि उत्तरेची अशी दोन्हीकडची वाहतूक कल्याणास एकत्र होऊ लागली. एका रुळावर मागून पुढून गाड्या येऊ लागल्या, की पुढची कोठे आहे हे मागचीला कळणे हा जिवाचा प्रश्न होतो.

दिवसा हाताचा सिग्नल आणि रात्री त्याच हाताच्या मुळाशी टांगलेला दिवा, ही त्या काळची भाषा. हात आडवा म्हणजे थांबा. खाली कलला म्हणजे या. ‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडीला वाट मिळाली, हा आपल्या बोलण्यातील प्रयोग तेथूनच आलेला आहे. नव्या पिढीला तो उलटा वाटतो, कारण तिने पडणारा हात पाहिलेलाच नाही. रात्री हाताबरोबर दोन रंगांच्या काचा दिव्यापुढे सरकत. त्यांतली एक तांबडी. दुसरी हिरवी दिसे, पण ती जवळून पाहिली तर निळसर असे. घासलेटच्या ज्योतीचा उजेड मुळात पिवळट. तो निळसर काचेतून बाहेर पडला म्हणजे हिरवा होतो. आणखी एक सोय असे. दिव्याच्या पाठीला एक बारीक भोक ठेवलेले असे. हात आडवा असला की त्यातून पांढरा ठिपका दिसे आणि हात पडला की तो झाकला जाई. केबिनमधील माणसाच्या बाजूस सिग्नलची पाठ. तेव्हा पुढचा दिवा जळतो आहे की विझला आहे, आणि खटका ओढल्यावर हात खरोखर हलला की नाही, हे त्याला या ठिपक्यावरून कळे. आपण दिलेली आज्ञा खरोखर पोचली की नाही हे आज्ञा देणाऱ्यानेही पाहिले पाहिजे, ही शहाणीव त्या भोकात होती.

तथापि सिग्नलचा दिवा गाडीला सांगतो. गाडीविषयी सांगत नाही. गाडीविषयी सांगणारा दिवा वेगळा. तो शेवटच्या डब्याच्या पाठीस लावलेला तांबडा दिवा. आमच्या लहानपणी कल्याणास आमच्या शेजारी एक काका राहात. त्यांचे काम लॅम्परूममधले: मालगाड्यांचे दिवे पुसावयाचे, वात कापावयाची, घासलेट भरावयाचे. संध्याकाळी त्यांच्या हातांना जो वास येई तो आम्हांला अजून आठवतो. एकदा आम्ही पोरांनी त्यांना विचारले, “काका, गाडी तर निघून गेली. मग तिच्या पाठीला दिवा लावून उपयोग कोणाला?” काका म्हणाले, “अरे, तो दिवा गेलेल्या गाडीचा नाही. मागून येणाऱ्या गाडीचा आहे.”

त्या वेळी हे कोडे वाटले. पुढे त्याचा अर्थ कळला. एका स्टेशनाहून गाडी सुटली की पुढच्या स्टेशनावरचा मास्तर ती येताना पाहतो. इंजिन आले, डबे आले, एवढ्याने त्याचे समाधान होता कामा नये. गाडीची सांकळ मध्येच तुटून चारदोन डबे मागे दोन स्टेशनांच्या मध्ये राहिले असतील तर? म्हणून त्याने शेवटच्या डब्याची खूण पाहावयाची: दिवसा त्याची पाटी, रात्री तांबडा दिवा. ती दिसली की मगच ‘गाडी पूर्ण आली’ असे समजावयाचे, वेळ वहीत लिहावयाची आणि मागच्या स्टेशनाला रस्ता मोकळा झाल्याचे कळवावयाचे. ती खूण दिसली नाही तर सर्व डबे डोळ्यांपुढे उभे असले तरी रस्ता मोकळा म्हणावयाचा नाही.

या नियमाची किंमत किती आहे हे आयर्लंडातील आर्मा येथे १२ जून १८८९ रोजी कळले. सहलीस निघालेली, मुलांनी भरलेली एक गाडी चढावावर अडकली. ती दोन तुकड्यांत तोडून पुढचा भाग आधी वर नेण्याचे ठरले. मागच्या डब्यांच्या चाकांना दगड लावले होते. ते पुरले नाहीत. डबे उताराला लागले. त्या मार्गावर गाड्या ठराविक मिनिटांचे अंतर ठेवून सोडीत असत. पुढची पोचली की नाही, हे पाहण्याची व्यवस्था नव्हती. मागून येणाऱ्या गाडीवर ते डबे आदळले आणि सुमारे ८० माणसे गेली. त्यांत मुले पुष्कळ. त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटाने कायदा करून, एक गाडी पूर्ण पोचल्याखेरीज दुसरी सोडू नये, ही पद्धत आणि सर्व डब्यांना लागू पडणारे ब्रेक उतारूंच्या गाड्यांना सक्तीचे केले. घड्याळावर विसंबलेली रीत गेली आणि प्रत्यक्ष पाहून नोंद करण्याची रीत आली.

म्हणजे धावत्या गाडीच्या वाटेची पहिली पक्की नोंद कोणती, तर स्टेशनमास्तरची ती वही. एका ठिपक्याएवढा तांबडा प्रकाश, तो पाहणारा एक माणूस, एक घड्याळ आणि एक टाक. ठाणे, दिवा, कल्याण अशा वह्या एकापुढे एक ठेवल्या तर एखाद्या रात्री कोणती गाडी केव्हा कोठून गेली हे ओळीने लावता येते. प्रकाशाचे बिंदू जोडून काढलेली ती रेघच म्हणावयाची. फक्त बिंदू दूर दूर होते. मधल्या अंधारात गाडी कोठे आहे हे कोणालाच सांगता येत नसे.

हा मधला अंधार भरून काढण्याचे काम विजेने केले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदर स्थानकापासून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी सुरू झाली, आणि १९२८ साली याच जी. आय. पी. रेल्वेने बोरीबंदर ते भायखळा या तुकड्यावर आपोआप बदलणारे रंगीत दिव्यांचे सिग्नल बसविले. हिंदुस्थानातील हे पहिलेच. पुढे ही पद्धत उपनगरी मार्गावर पसरली. तिच्यातील युक्ती अशी. रुळांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातून क्षीण वीजप्रवाह खेळवावयाचा. गाडी त्या तुकड्यावर आली की तिची लोखंडी चाके दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह वाटेतूनच परत फिरतो आणि सिग्नलला तो पोचेनासा होतो. की दिवा तांबडा. यात खुबी ही की वीज गेली, तार तुटली, रूळ मोडला, तरीही प्रवाह थांबतो आणि दिवा तांबडाच होतो. यंत्र बिघडले तर ते ‘थांबा’ असेच म्हणेल, अशी त्याची बांधणी आहे. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थाने १८७२ साली ही युक्ती काढली.

आता काय झाले पाहा. गाडी पुढे जाते, तशी तिच्या लगत मागे तांबडा दिवा लागतो. त्याच्या मागे पिवळा, त्याच्या मागे दोन पिवळे, त्याच्या मागे हिरवा. गाडी एक सिग्नल पुढे सरकली की ही सगळी रांग एक एक घर पुढे सरकते. म्हणजे गाडी आपल्या मागे प्रकाशाचे शेपूट ओढीत चालते, आणि त्या शेपटाची लांबी पाहून मागचा मोटरमन आपला वेग ठरवितो. काकांच्या कंदिलाचेच काम हे. पण कंदील एक होता, येथे त्याची मालिका झाली आणि तीही गाडीने स्वतःच लावलेली. केबिनमधल्या फलकावर हीच मालिका लहान दिव्यांच्या रूपाने उमटते. रात्री दिव्याच्या बाजूने तांबड्या ठिपक्यांची एक ओळ सरकत कल्याणाकडे येताना दिसते, ती गाडी. पुढे या ठिपक्यांची वेळेसकट नोंद यंत्रेच ठेवू लागली. मास्तरचा टाक गळून पडला.

येथवर प्रकाश खूण सांगत होता. ती मोजण्याचे काम त्याने कसे स्वीकारले, ते आता पाहू. सर्वांत सोपी रीत दोन किरणांची. रस्त्याच्या आडवे दोन किरण एकमेकांपासून एक मीटर अंतरावर सोडले. गाडीने पहिला तोडला, मग दुसरा तोडला. मधली वेळ एक दशांश सेकंद भरली तर गाडीचा वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. यात गाडीला हात लावावा लागत नाही, तिच्यात काही बसवावे लागत नाही.

याहून पुढची पायरी फोटोग्राफीने गाठली. फ्रान्सच्या मारेने १८८२ पासून पक्षी आणि माणसे यांच्या हालचालींची क्षणाक्षणाची चित्रे एकाच काचेवर घेतली. अमेरिकेतील गिलब्रेथ पतिपत्नींनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कारागिरांच्या बोटांना बारीक विजेचे दिवे बांधले आणि कॅमेऱ्याचे झाकण उघडे ठेवले; हात हलला त्या वाटेची उजळ रेघ चित्रावर उमटली. दिवा तुटक तुटक पेटता ठेवला तर रेघेऐवजी ठिपके पडतात. ठिपके विरळ तेथे वेग जास्त, दाट तेथे कमी. जागा आणि वेळ दोन्ही एकाच चित्रात आली. आज ठाण्याच्या खाडीपुलावर रात्री कॅमेरा स्थिर ठेवून एखादा मुलगा मोटारींच्या दिव्यांच्या लांब रेघा टिपतो. त्याला वाटते आपण गंमत करीत आहोत. वस्तुतः तो धावत्या वाहनांच्या वाटेची नोंद करीत असतो.

मग १९६० साली अमेरिकेत मेमनने पहिला लेसर पेटविला आणि या विद्येला एक टोकदार लेखणी मिळाली. साधा उजेड पसरतो. लेसरचा झोत फार थोडा पसरतो. महामार्ग पोलिसांच्या हातातील लेसरच्या वेगमापकातून उजेडाचे अतिशय लहान ठोके निघतात, मोटारीवर आपटून परत येतात, आणि जाण्यायेण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. समजा मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते आहे. सेकंदाला २० मीटर झाले. एका सेकंदाच्या तीन दशांशात ती ६ मीटर जवळ आली. किरणाचा जाण्यायेण्याचा रस्ता १२ मीटरांनी कमी झाला. म्हणजे तो ४० अब्जांश सेकंद आधी परतला. एवढा सूक्ष्म फरक यंत्र मोजते आणि वेग सांगते. फिझोचे दातेरी चाक आता मुठीत मावले!

त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ३०० मीटरांवर हा झोत सुमारे एक मीटर रुंद होतो. गर्दीच्या रस्त्यावर तो नेमका कोणत्या गाडीवर पडला, हे पाहणे माणसाकडेच राहते. पोलीस रस्त्याच्या कडेला तिरका उभा असेल तर मोटार थेट त्याच्याकडे येत नसते, म्हणून यंत्र तिचा वेग खऱ्यापेक्षा थोडा कमीच दाखविते. ही चूक चालकाच्या पथ्यावर पडते, हे त्यांनी ध्यानात ठेवावे आणि उगाच वाद घालू नये.

रुळांवर हेच काम उलट दिशेने चालते. तेथे वाट पाहून गाडीची परीक्षा करावयाची नसून, धावत्या गाडीतून वाटेची परीक्षा करावयाची असते. पूर्वी अभियंता ढकलगाडीवर बसून निघे, वाकून रूळ पाही, मोजपट्टी लावी. पुढे तपासणीच्या गाडीला रुळास टेकणारी चाके लावून त्यांच्या हेलकाव्यांच्या रेघा कागदाच्या गुंडाळीवर काढू लागले. आता लेसरचा झोत धावत्या डब्याखालून रुळाच्या माथ्यावर पाडतात, कॅमेरा ती उजळ रेघ तिरका पाहतो, आणि तिच्या वाकण्यावरून दोन रुळांमधील अंतर, त्यांचे बाक, त्यांची झीज यांचा हिशेब निघतो. रुळाला स्पर्श होत नाही. गाडी आपल्या नेहमीच्या वेगाने जात राहते. मुंब्र्याकडचे वळण आणि पारसिकची सरळ वाट यांच्यातील फरक अशा कागदावर शाळकरी मुलालाही ओळखता येईल.

पारसिकचे नाव आले तेव्हा त्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण प्रकाशाच्या रेघेचे महत्त्व डोंगरापोटी जितके कळते तितके मैदानात कळत नाही. डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जाणारी वाट लांब आणि वाकडी पडे, म्हणून सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा पारसिकचा बोगदा खणण्यात आला. १९१६ साली तो सुरू झाला. त्या काळी बोगद्याची दिशा ठेवण्याची रीत ठरलेली होती. डोंगराच्या माथ्यावर दुर्बिणीचे कोनमापक यंत्र लावून दोन्ही बाजूंच्या तोंडांशी एकच सरळ रेघ उतरवावयाची. मग आत ओळंबे सोडून, त्यांच्या मागे दिवा धरून, बाहेरच्या दुर्बिणीतून पाहावयाचे. ओळंब्याची दोरी दिव्यावर बरोबर आली की दिशा बरोबर. सुरुंगाच्या धुराने दिवा दिसेनासा झाला की काम थांबवून हवा निवळण्याची वाट पाहावी लागे. बोगद्यातून जाणाऱ्या पहिल्या गाडीची वाट अशा रीतीने गाडी येण्याच्या कितीतरी आधी एका किरणाने आखलेली असे.

आज याच परिसरात मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेसाठी वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरांच्या बोगद्याचे काम हाती घेतलेले आहे. त्यांतला ७ किलोमीटरांचा भाग ठाणे खाडीच्या तळाखालून जातो. शिळफाट्याकडचा सुमारे ४.९ किलोमीटरांचा भाग, घणसोलीपर्यंत, सुरुंगाच्या नव्या पद्धतीने खणला आणि २० सप्टेंबर २०२५ रोजी तो आरपार झाला. उरलेल्या सुमारे १६ किलोमीटरांसाठी खणणारी अजस्र यंत्रे योजलेली आहेत. असे यंत्र म्हणजे जमिनीच्या पोटात चालणारे वाहनच. त्याला ना खिडकी, ना क्षितिज. मागच्या भिंतीवर बसविलेल्या यंत्रातून लेसरचा किरण त्याच्या पाठीवरील खुणेवर पडतो. ठरलेल्या वाटेपासून ते किती मिलिमीटर ढळले हे चालकास पडद्यावर दिसते आणि त्याची नोंद होत राहते. ओळंबा गेला, घासलेटचा दिवा गेला. पण मागे उभे राहून, पुढे जाणाऱ्याच्या पाठीवर प्रकाश टाकून त्याची वाट पाहावयाची, ही रीत तीच राहिली आहे. लॅम्परूममधल्या काकांना हे यंत्र दाखविले असते तर त्यांना परके वाटले नसते.

येथवर आपण आलो ते कौतुकाच्या वाटेने. आता आरंभी सांगितलेल्या माणसाकडे वळले पाहिजे.

९ जून २०२५ रोजी सकाळी कामाच्या वेळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकलगाड्या एकमेकींना ओलांडून जात होत्या. दोन्ही भरगच्च. दारात लटकलेल्या उतारूंचे एकमेकांना धक्के लागले आणि माणसे खाली पडली. किमान चार जणांचे प्राण गेले, अनेक जखमी झाले. गाड्या रुळांवरच होत्या. एकही डबा मागे राहिलेला नव्हता. रुळांतून वाहणाऱ्या विजेच्या दृष्टीने काहीच घडले नव्हते: तुकडा भरला, तुकडा मोकळा झाला, दिवा तांबडा झाला, मग पिवळा झाला. यंत्राच्या वहीत ‘गाडी पूर्ण आली’ हेच उमटावयाचे. ती पूर्ण आलेली नव्हती.

आम्ही हे यंत्रांना बोल लावण्यासाठी सांगत नाही. ज्या गोष्टीची नोंद करावयास त्यांना सांगितले तिची नोंद त्यांनी चोख केली. १८५३ साली गाडीचा वेळ कोणी नीट टिपला नाही, पण आज तिची प्रत्येक हालचाल टिपली जाते. मात्र आमची नजर गाडीवर खिळली आणि गाडीतून जाणारा तिच्यात गृहीत धरला गेला. डब्याची सांकळ तुटेल म्हणून आम्ही दीडशे वर्षे काळजी वाहिली आणि पाठीला दिवा टांगला. दांडीला धरलेला माणसाचा हात सुटेल, त्यासाठी कोणता दिवा टांगला?

उपाय अशक्य कोटीतील नाहीत. आपल्या इमारतींतील लिफ्टच्या दारात अदृश्य किरणांचा पडदा असतो. लहान मुलाचा हात मध्ये आला तरी दार मागे सरते. म्हणजे प्रकाशाला माणूस दिसत नाही असे नाही. आपण त्याला माणसाकडे पाहावयास लावले की त्याला माणूसही दिसतो. ठाणे-वाशी-पनवेल मार्गावर जानेवारी २०२० मध्ये आणि मुंबई-कल्याण मार्गावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात वातानुकूलित लोकल सुरू झाल्या. त्यांची दारे मिटल्याखेरीज गाडी हलत नाही. मुंब्र्याच्या अपघातानंतर साध्या लोकलनाही आपोआप मिटणारी दारे लावण्याचे जाहीर झाले. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी ठाणे-दिवा दरम्यान पाचवी आणि सहावी मार्गिका खुली झाली होती. या सर्व गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु दार मिटावयाचे तर आत माणसांना जागा हवी, आणि जागा हवी तर गाड्या अधिक हव्यात, किंवा सर्वांनी एकाच घटकेला मुंबईकडे धावण्याचा हा रोजचा क्रम तरी थोडा पांगला पाहिजे. हे काम एकट्या रेल्वेचे नाही. त्यात कचेऱ्यांचे चालक येतात, नगररचना करणारे येतात आणि आपणही येतो.

नागरिकांकडून आणखी एका गोष्टीची अपेक्षा आहे. नोंद वाचावयास शिकले पाहिजे. गाडी किती मिनिटे उशिरा आली याची चर्चा आपण फलाटावर रोज करतो. किती माणसे पडली, कोठे पडली, कोणत्या वेळी पडली, हे आकडे मात्र वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात एक दिवस राहतात आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात. आर्माच्या अपघातानंतर त्याच वर्षी कायदा झाला, तो काही नवे यंत्र सापडले म्हणून नव्हे. पद्धती आधीच माहीत होत्या. मेलेल्या मुलांची नोंद लोकांनी नजरेआड होऊ दिली नाही, म्हणून तो झाला.

आपल्यापैकी पुष्कळजण आज रात्री गाडीनेच घरी जातील. कोणी डोंबिवलीस उतरतील, कोणी कल्याणास, कोणी पुढे टिटवाळ्यास किंवा बदलापुरास. फलाटावर उतरल्यावर क्षणभर मागे वळून पाहावे. निघून जाणाऱ्या गाडीच्या पाठीस एक तांबडा दिवा लुकलुकत असतो. गाडी पूर्ण गेली, असे तो सांगतो. त्यात बसलेले सर्वजण आपापल्या घरी पोचले की नाही, हे त्याला सांगता येत नाही. तेवढे आपल्याला विचारावे लागेल, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे लागेल.